शरदातील पाहुणे पक्षी आणि त्यांची शिवारनोंद

भाद्रपद सरत आला, सोयाबीनचा पाला पिवळा पडू लागला आणि बांधावरचे गवत निसवले, की गोदाकाठच्या आमच्या शिवारात एक लहानसा पाहुणा हटकून येतो. अंगाने चिमणीहून किंचित लांब, रंगाने पांढरा-काळा, आणि शेपटी क्षणभर म्हणून स्थिर नाही. नांगरटीच्या तासात तो तुरुतुरु धावतो, ढेकळामागची अळी टिपतो आणि पुन्हा शेपटी हलवीत उभा राहतो. आमच्याकडे त्यास धोबी म्हणतात. कोणी परीट म्हणतात. जुन्या ग्रंथांतील खंजन तो हाच. वराहमिहिराने बृहत्संहितेत या पक्ष्याच्या दर्शनावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. धोबी दिसला की रब्बीच्या मशागतीस हात घालावयाचा, असा आमच्या वडिलांचा परिपाठ होता. मात्र हा पक्षी येतो कोठून आणि फाल्गुन-चैत्रात जातो कोठे, हा प्रश्न वडिलांनी कधी विचारला नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही पुष्कळ वर्षे विचारला नाही.

आमची हयात महसूल खात्यातील कारकुनीत गेली. फेरफार, जमाबंदी, पाहणीपत्रके, आणेवारी यांतच डोळे झिजले. कोणत्या गटात किती गुंठे पोटखराबा आहे, विहीर कोणाची, आंब्याची झाडे किती, या सर्वांचा कागद आमच्या दप्तरात होता. परंतु त्याच गटात दरसाल हजारो कोसांवरून येऊन उतरणाऱ्या जिवांचा एक ओळीचाही कागद कोणाजवळ नव्हता. सेवानिवृत्तीनंतर ही उणीव आमच्या मनास लागली, आणि गेली काही वर्षे आम्ही आपल्यापुरती एक वही ठेवीत आहो. त्या वहीच्या आधारे चार गोष्टी शेतकरी बंधूंपुढे मांडाव्या, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचा परिसर

निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी अमदानीत तो बांधला गेला, आणि गोदावरीचे डावे व उजवे कालवे येथूनच निघतात. दारणा व गंगापूर या धरणांतून सोडलेले पाणी येथे येते व येथून कालव्यांत जाते. नदीने शंभर वर्षे आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचला. त्यावर पाणवनस्पती माजल्या. मध्ये बेटे तयार झाली. पाणी साठविण्याच्या दृष्टीने हा तोटाच. परंतु पक्ष्यांस उथळ पाणी, चिखल व आडोसा ही तिन्ही एके ठिकाणी मिळाली. १९८६ साली येथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले, आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून, त्याचे नाव प्रसिद्ध झाले. दोनशेंहून अधिक जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी ही गावे अगदी काठावरची. या गावांच्या ऊस, गहू, हरभरा, कांदा व द्राक्षे यांच्या शिवारातच हे पाहुणे चरतात. अभयारण्याची हद्द कागदावर आहे. पक्ष्यांस ती ठाऊक नाही.

कोण केव्हा येतो

पाहुण्यांच्या आगमनाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. श्रावण-भाद्रपदातच चिखलातले लहान तुतवार येऊ लागतात. बदकांमध्ये भुवई बदक सर्वांच्या आधी येते. नराच्या डोळ्यावर पांढरी कमान असते, तिच्यावरून हे नाव पडले. मात्र नुकत्याच आलेल्या नरांत ही कमान स्पष्ट नसते. नवा पिसारा चढला म्हणजे ती उठून दिसते. भोरड्यांचे पहिले थवेही याच सुमारास दिसतात. आश्विनात धोबी सर्वत्र होतात, तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसतात, गोठ्याच्या छपरावर थिरथिरा शेपटी थरथरवितो आणि माळावरून भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत जाऊ लागतो. याच दिवसांत चातक मात्र आपला निरोप घेतो. तो पावसाबरोबर आफ्रिकेकडून येतो व पाऊस संपल्यावर निघून जातो. म्हणजे एकाची येण्याची वेळ ती दुसऱ्याची जाण्याची.

कार्तिकात खरी गर्दी होते. तलवार बदके, थापट्ये, चक्रवाक हे मोठ्या संख्येने उतरतात. थंडी स्थिर झाली म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब, ज्यांस पुष्कळ लोक राजहंस म्हणतात, आणि कांड्या करकोचे यांच्या रांगा आकाशातून जाताना दिसतात. माघापासून परतीस आरंभ होतो आणि चैत्राअखेर बहुतेक पाहुणे गेलेले असतात.

या क्रमात पावसाने फरक पडतो, हे ध्यानात ठेवावे. परतीचा पाऊस लांबला व बंधारा तुडुंब राहिला, तर चिखल उघडा पडत नाही आणि तुतवारांस उभे राहावयास जागा मिळत नाही. अशा वर्षी ते आले नाहीत असे आपण म्हणतो, परंतु ते दुसऱ्या एखाद्या उथळ तळ्यावर असतात. आवर्तन सुटून पाणी उतरले की दोन दिवसांत पुन्हा हजर होतात.

ते का येतात व वाट कशी सापडते

सैबेरिया, मंगोलिया, कझाकस्तान, तिबेट या भागांत उन्हाळा मोठ्या सुबत्तेचा असतो. दिवस लांब, किडे अमाप, शत्रू थोडे. पिले वाढविण्यास ती जागा उत्तम. परंतु हिवाळ्यात पाणी गोठते, जमीन बर्फाखाली जाते व अन्न नाहीसे होते. आपल्याकडे त्याच वेळी पावसाने तळी भरलेली व रब्बी डोलणारी असते. दिवस लहान होऊ लागला की या पक्ष्यांच्या अंगी प्रवासाची ओढ उत्पन्न होते. ते पोटभर खाऊन चरबी साठवितात आणि निघतात. ती चरबी हीच त्यांची शिदोरी. दिशा समजण्यास त्यांना सूर्याचा, ताऱ्यांचा व पृथ्वीच्या चुंबकत्वाचा उपयोग होतो, असे अभ्यासकांनी प्रयोगांनी दाखविले आहे. सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतच्या या वाटेस मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात, आणि आपला देश त्या वाटेवरील फार मोठा मुक्काम आहे.

पट्टकादंबाचा प्रवास तर विशेषच. त्यास हिमालय ओलांडावा लागतो. पाठीवर बसविलेल्या उपकरणांनी तो सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर गेल्याचे नोंदले आहे. तथापि बहुतेक वेळ तो खिंडींचा आधार घेऊन त्याहून खालूनच उडतो, हेही त्याच अभ्यासाने कळले. श्रम वाचविण्याची अक्कल त्यास आपल्याइतकीच आहे.

माग कसा काढतात

पक्ष्याच्या पायात आकडा कोरलेले हलके वाळे घालून त्यास सोडून द्यावयाचे, आणि तो पुन्हा कोठे सापडला हे पाहावयाचे, ही युक्ती डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नावाच्या एका शाळामास्तराने १८९९ साली पद्धतशीरपणे सुरू केली. आपल्या देशात १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हे काम हाती घेतले, आणि १९५९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने ते मोठ्या प्रमाणावर वाढविले. डॉ. सालिम अली यांचा त्यात पुढाकार होता. मंगोलियात गळ्यात आकड्यांचे रंगीत पट्टे घातलेले पट्टकादंब आपल्या देशात दिसले आहेत. हे पट्टे दुर्बिणीतून वाचता येतात, पक्षी धरावा लागत नाही.

अलीकडे सूर्यप्रकाशावर चालणारी लहान यंत्रे पक्ष्याच्या पाठीवर बसवितात आणि ती उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवितात. याचा एक दाखला सर्व शेतकऱ्यांनी जाणण्याजोगा आहे. अमूर ससाणा हा जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा पक्षी चीन-सैबेरियाकडून निघून शरदात नागालँडमध्ये उतरतो. तेथे दोयांग जलाशयाच्या काठी २०१२ साली जाळी लावून असे ससाणे प्रचंड संख्येने मारले गेल्याचे उघडकीस आले. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ही शिकार बंद केली. त्या २०१३ सालीच तेथील तीन ससाण्यांवर यंत्रे बसविली व त्यांची नावे नागा, वोखा व पांगती अशी ठेविली. हे ससाणे नागालँडहून निघाले की भारताचा द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेस पोहोचतात आणि पुढे दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात. आपण कार्तिकात कांद्याच्या रोपास पाणी देत असतो, त्या वेळी हा पक्षी महाराष्ट्राच्या आकाशातून जात असतो. शिकारीपासून मिळणारा पैसा सोडणारे पांगतीचे लोकही आपल्यासारखे शेती करणारेच आहेत, हे विसरू नये.

आमच्या हातून गहाळ झालेला दाखला

येथे आमची एक चूक सांगणे प्राप्त आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिना होता. शेजारच्या मळ्यात उंदरांसाठी विषारी दाणे उघड्यावर टाकले होते. सकाळी हरभऱ्याच्या कडेला एक पट्टकादंब मरून पडलेला शेजाऱ्याच्या मुलास सापडला. मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता. पक्ष्याच्या पायात धातूचे वाळे होते. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरे व आकडा होता. मुलाने ते सोडवून धावत आमच्याकडे आणिले. "अण्णा, हे कोणाचं हो? तुम्ही कचेरीत असता, तुम्हाला वाचता येईल," असे तो म्हणाला.

आम्ही ते कागदाच्या पुडीत बांधून कचेरीच्या मेजाच्या खणात ठेविले. आकडा दुसऱ्या कागदावर उतरून घेण्याचे काम दोन मिनिटांचे. परंतु वसुलीचे दिवस होते, उद्या करू म्हणून राहिले. उद्याचा परवा झाला. पुढे आमची बदली झाली. चार्ज देताना दप्तरातील प्रत्येक फाइलची यादी केली, सह्या झाल्या. त्या पुडीची मात्र यादीत नोंद नव्हती. महिन्याभराने आठवण होऊन विचारले तेव्हा खण साफ झालेला होता.

तीस वर्षांच्या नोकरीत आमच्या हातून एक फेरफार गहाळ झाला नाही, याचा आम्हास अभिमान होता. परंतु या एका पक्ष्याचा दाखला आम्ही कायमचा घालविला. कोणीतरी कोठेतरी तळ्याकाठी रात्र जागून तो पक्षी धरला असेल, वाळे घातले असेल, तारीख लिहून ठेविली असेल. त्या नोंदीचे दुसरे टोक आमच्या खणात होते. ते जुळले असते, तर त्या पक्ष्याचे मरण निदान काही शिकवून गेले असते. तो मुलगा आता स्वतः द्राक्षबाग सांभाळतो. कार्तिकात राजहंसांची रांग वरून गेली की तो आजही विचारतो, "अण्णा, ते वाळं कुठून आलं होतं हो?" आमच्याजवळ उत्तर नाही. आम्ही वही ठेवू लागलो त्याचे खरे कारण हेच.

नफ्यातोट्याचा हिशेब

शेतकऱ्यास पक्ष्यांचे कौतुक सांगताना नुकसानीविषयी मौन धरणे अप्रामाणिकपणाचे होय. भोरड्यांचा थवा ज्वारीवर पडला की कणसे रिकामी होतात. पट्टकादंब रात्री हरभऱ्यात व गव्हात चरतात. करकोचेही हरभऱ्याच्या व भुईमुगाच्या शेतात उतरतात. काठावरच्या लहान खातेदारास हा तोटा लागतो, आणि दूर शहरातून दुर्बीण घेऊन येणाऱ्या पाहुण्यास तो दिसत नाही. ही तक्रार खरी आहे.

परंतु जमेची बाजूही मांडली पाहिजे. भोवत्या नाकतोडे व उंदीर खातो. धोबी व माळभिंगऱ्या दिवसभर किडेच टिपतात. भोरडी हीदेखील एरवी नाकतोडे व टोळ यांची मोठी वैरीण आहे. चीनच्या शिंच्यांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून तिला घरट्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. जी भोरडी आपल्या ज्वारीची चार कणसे खाते, तीच उन्हाळ्यात मध्य आशियातील गवताळ मुलखात टोळ खाते. पळस, पांगारा व सावर यांच्या फुलांवरही ती परागसिंचनाचे काम करते.

यावर उपाय पुढीलप्रमाणे करावे. दाणे भरण्याच्या दिवसांत पहाटे व सायंकाळी माळ्यावर राखणदार असावा. गोफण थव्याच्या वरून फिरवावी, कारण उडवून लावणे पुरेसे आहे. चकाकणाऱ्या फिती बांधाव्या व चार दिवसांनी त्यांची जागा बदलावी, नाहीतर पक्षी त्यांस सरावतात. द्राक्षबागेवरील जाळी ताणून बांधावी. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात व जाळीही फाटते. उंदरांचे विषारी आमिष कधीही उघड्यावर टाकू नये. चालू बिळे पाहून आत घालावे, तोंड मातीने बुजवावे आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरावे. आमच्या शेजाऱ्याने एवढे केले असते, तर वरील प्रसंग घडलाच नसता. शिकारीविषयी तर बोलावयासच नको; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती गुन्हा आहे.

एक मोठी चिंता वेगळीच आहे. भोवत्यासारख्या पक्ष्यांस रात्री मुक्कामास गवताळ माळ लागतो. गायराने व माळ नांगराखाली, मुरूम-खाणीखाली व अतिक्रमणाखाली गेले. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ९४२ जातींचा विचार करून १७८ जातींकडे तातडीने लक्ष देण्यास सांगितले आहे, आणि गवताळ माळावरील पक्ष्यांची घट विशेष नमूद केली आहे. गावचे गायरान राखणे हे केवळ गुरांच्या चाऱ्याचे काम आता राहिलेले नाही.

नोंद कशी ठेवावी

यास मोठे शिक्षण वा खर्च लागत नाही. आमच्या अनुभवाने पुढील नियम उपयोगी पडतात.

१. वेळ सूर्योदयानंतरच्या दोन तासांची घ्यावी व सूर्य पाठीशी ठेवावा. उसाच्या कडेने अंधारात एकट्याने जाऊ नये. आमच्या तालुक्यात बिबट्याचे भय खरे आहे.

२. कपडे मातकट रंगाचे असावे. नांगर वा पाभर चालू असताना पक्षी जितके जवळ येऊ देतात, तितके नुसत्या उभ्या माणसास येऊ देत नाहीत. म्हणून काम करता करता पाहणारा शेतकरी हाच उत्तम निरीक्षक होय.

३. वहीत सहा रकाने पाडावे: तारीख व तिथी, गट किंवा पाण्याची जागा, पक्षी, अंदाजे संख्या, काय करीत होता, वारा, पाऊस व पाण्याची स्थिती.

४. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजून तेवढा तुकडा नजरेत धरावा, आणि असे किती तुकडे होतात ते पाहावे. शेतातील उभ्या पिकाचा अंदाज आपण असाच करतो.

५. नाव माहीत नसल्यास रंग, चोच, पाय व शेपटी यांचे वर्णन लिहावे. अंदाजाने नाव घालू नये. मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश मराठीत आहे, त्याचा आधार घ्यावा.

६. पहिल्या आगमनाची व शेवटच्या दर्शनाची तारीख न चुकता लिहावी. दहा वर्षांच्या अशा तारखा एकत्र केल्या, तर हवामान बदलले की नाही हे आपल्याच वहीवरून दिसेल.

७. न पाहिलेले लिहू नये. शेतात न जाता चावडीत बसून भरलेली पाहणीपत्रके आम्ही पुष्कळ पाहिली; त्यांवरून कोणाचेही भले झाले नाही.

८. वाळे असलेला जिवंत पक्षी दिसल्यास त्यास धरू नये. आकडा, रंग व कोणत्या पायात आहे ते टिपावे. मेलेला सापडल्यास आकडा त्याच क्षणी उतरून घ्यावा, छायाचित्र काढावे, आणि स्थळ व तारीख यांसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीस कळवावे. रोगाची शंका असल्याने मेल्या पक्ष्यास उघड्या हाताने शिवू नये, आणि एकाच ठिकाणी अनेक मेलेले आढळल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी.

२०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाईलवर करू लागला आहे. ज्या हाताने पिकाची नोंद होते, त्या हाताने बांधावरच्या पाहुण्याची नोंद होण्यास अडचण कोणती? घरातील मुलामुलींस हे काम सांगावे. ती आपणाहून चांगले करतील. चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर व सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोहोंमधील आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळण्याचे २०२० साली ठरले आहे. वहीचा श्रीगणेशा करण्यास तोच मुहूर्त धरावा.

आमच्या सोसायटीच्या सभासदांपैकी दहा जणांनी दहा गावांत जरी अशा वह्या ठेविल्या, तरी पुढील हंगामाअखेर गोदाकाठचा एक सलग तक्ता तयार होईल. तो करून देण्याची मेहनत आम्ही आनंदाने पत्करतो. फक्त एक विनंती: आकडा सापडला, तर तो त्याच दिवशी लिहावा. उद्यावर टाकू नये.